एवेलियोचा शून्य हप्ता

एकोणपन्नासाव्या रस्त्यावर विम्याच्या ऑफिसबाहेर एक हिरवा, हवेने फुगवलेला रबरी माणूस दिवसभर नाचत असतो. त्याच्या पायाखाली पंखा आहे. पंखा मंदावला की तो कमरेत मोडतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पाया पडतो.

नेरेइदाच्या कुकरचं झाकण ऑक्टोबरातच बसेनासं झालं. तेव्हापासून काळा घेवडा शिजायला अख्खी दुपार जाते.

बोटीतल्या गादीला दुहेरी टीप घालतात. एकेरी टीप खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही.

कार्देनासला, मागे सोडलेल्या देशात, एवेलियोच्या लहानपणी, गल्लीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी समितीची एक बाई दारावर यायची. "काही नाही, सहज आले," म्हणायची आणि काल रात्री कोण जेवायला होतं ते विचारून जायची.

मोतीबिंदू पिकला की पांढरं पिवळट दिसतं, निळं हिरवट दिसतं, आणि ज्याला दिसतं त्याला त्याचा पत्ता नसतो.

यातल्या कशाचा कशाशी संबंध असेल असं एवेलियो बारोसोला वाटलं नाही. एरवी त्याला प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक गोष्टीशी संबंध वाटे.

*

कार्देनास सोडून आलेला एवेलियो हायालीया गावात घरामागच्या गॅरेजात बोटींच्या गाद्या शिवायचा. बासष्ट वर्षांचा होता, हात अजून पक्का होता, पण त्या वर्षी एका गिऱ्हाइकाने पांढरीशुभ्र गादी परत आणून त्याच्यासमोर आपटली. मधोमध पिवळं ठिगळ होतं.

"हे काय आहे?"

"पांढरं," एवेलियो म्हणाला.

"मग उरलेली गादी कुठल्या रंगाची आहे?"

"तीही पांढरी. तुमच्या बोटीवर ऊन फार."

गिऱ्हाईक गेलं ते परत आलं नाही. नेरेइदाने नवऱ्याला हाताला धरून डॉक्टर ओरामास बाईंकडे नेलं. बाईंनी डोळ्यात दिवा मारला आणि म्हणाल्या, "इतके दिवस कुठे तडमडला होतात? उजवा पिकून गळायला आलाय. फेब्रुवारीत काढू. नाहीतर शिवणकाम विसरा."

एवेलियोचा या बाईंवर तिथल्या तिथे विश्वास बसला. फसवणारा माणूस इतकं उर्मट बोलत नाही, असा त्याचा अनुभव होता. "डोळ्याला हात लावला तर या बाईच लावतील," त्याने घरी जाहीर केलं. "दुसरं कोणी आलं तर मी आंधळा बरा."

आता प्रश्न विम्याचा होता. नेरेइदाला तो प्रश्न नव्हता, तिच्याकडे वयस्करांचं सरकारी कार्ड होतं. ते ती झग्याच्या आत, काळजाजवळ ठेवायची. त्यावरून तिचं वय कळत होतं आणि हायालीयात ते कोणालाही कळलेलं नव्हतं. लग्नात तिने सांगितलेलं वय आणि कागदावरचं वय यांत अंतर होतं, पण आयुष्यात त्या एकाच बाबतीत एवेलियोने कधी चौकशी केली नव्हती.

*

युस्लेइदिस ही कार्देनासच्या जुन्या शेजाऱ्याची मुलगी. रबरी माणूस तिच्याच ऑफिसबाहेर नाचायचा. नोव्हेंबरात विमा घ्यायची-बदलायची वर्षातली खिडकी, मध्य जानेवारीपर्यंतची, उघडली आणि नेरेइदाने नवऱ्याला तिच्यासमोर नेऊन बसवलं.

"हप्ता किती?" एवेलियोने विचारलं.

"शून्य, काका."

"म्हणजे पहिल्या महिन्याला."

"दर महिन्याला."

"मग कोण भरतं?"

"सरकार भरतं."

"का?"

"तुमची कमाई बेताची आहे म्हणून."

"हे सरकारला कोणी सांगितलं?"

"आत्ता तुम्हीच सांगितलंत. मी टाइप केलं."

एवेलियोने खुर्ची मागे सरकवून बायकोकडे पाहिलं. नेरेइदा छताकडे बघत होती.

"हे बघ मुली, मी दर महिन्याला थोडं काहीतरी भरतो. तू मला पावती दे."

"घेता येत नाही, काका. शून्य म्हणजे शून्य."

"आजच्या जगात फुकट कॉफीसुद्धा कोणी पाजत नाही."

तेवढ्यात मागच्या खोलीतून कॉफी आली. फुकट होती. एवेलियोने ती नाकाजवळ नेली, वास घेतला, नेरेइदाने अर्धी पिईपर्यंत वाट पाहिली आणि मग प्यायला.

"आणि डॉक्टर ओरामास?"

"आहेत. ही बघा यादी, हे त्यांचं नाव."

एवेलियोने यादी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, मान हलवली. यादीच्या जागी त्याला मुंग्यांची रांग दिसत होती. पण ते सांगायची त्याची तयारी नव्हती.

बाहेर पडताना रबरी माणूस त्याच्या पाया पडला. एवेलियो त्याला वळसा घालून गेला. उगाच पाया पडणाऱ्यांचं काहीतरी काम असतं.

*

कॉफीच्या खिडकीशी रोज सकाळी रिगो भेटायचा. रिगो बसचा निवृत्त ड्रायव्हर. एक मोठा पेला घेऊन बोटभर कपांत ओतून वाटण्याचा मान त्याच्याकडे होता, आणि बातम्याही तो तशाच वाटायचा.

"शून्य?" त्याने ओतता ओतता हात थांबवला. आवाज खाली आणला. "माझ्या मेव्हण्याचाही शून्यच होता."

"होता म्हणजे? गेला का?"

"गेला कसला, चांगला टुणटुणीत आहे. कानातला मळ काढायला गेला. तिथली पोरगी म्हणते, तुमचा विमा भलत्याच कंपनीचा आहे आणि तुमचा डॉक्टर टॅम्पात बसतो. टॅम्पा! तासन् तास गाडी हाणायची, कानातल्या मळासाठी!"

"कोणी बदलला?"

"एजंट, राजा, एजंट. मागच्या मागे बदलतात. तुला आपल्या नावावर घेतलं की त्यांचं कमिशन सुरू."

"युस्लेइदिस तसली नाही."

"मेव्हण्याचा एजंट त्याचा सख्खा भाचा होता."

एवेलियोने कप खाली ठेवला. "मग कळायचं कसं?"

"दुसऱ्या एजंटाला विचारायचं. बसचा ब्रेक कुठे मारलाय हे ड्रायव्हरलाच कळतं."

योआंद्री नावाच्या एका एजंटाचं टेबल मॉलमध्ये अत्तरं आणि मोबाइलची कव्हरं यांच्या मधे होतं. एवेलियोने आधी लांबून एक फेरी मारली, मग दुसरी, मग अचानक समोर जाऊन उभा राहिला.

"मला काही घ्यायचं नाही. माझ्या विम्यात कोणी काही बदललं नाही ना, तेवढंच बघायचंय."

"बघू की, सहज बघू!" योआंद्री म्हणाला.

'सहज' ऐकून एवेलियो उठायला गेला. पण खुर्ची मऊ होती आणि तो बसून गेला होता.

"नाव, जन्मतारीख सांगा. छान. आता फाइल उघडायला मला एक मिनिट तुमचा एजंट व्हावं लागतं. नुसतं हो म्हणा."

"एकच मिनिट?"

"एकच."

एवेलियो मनगटावरच्या घड्याळाकडे बघत हो म्हणाला. योआंद्रीने खटखट केलं, मान डोलावली. "सगळं जसंच्या तसं आहे. निर्धास्त जा."

एवेलियो समाधानाने घरी आला. ते मिनिट संपलं का, हे मात्र त्याने विचारलं नव्हतं.

*

आठवड्याने पोस्टातून एक लाल कार्ड आलं. नेरेइदाने वाचलं. कंपनी वेगळी होती.

युस्लेइदिसने कंप्युटरात पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "काका, तुम्ही आता माझे राहिला नाहीत."

"मग मी कोणाचा आहे?"

"कोणा योआंद्रीचे. आणि याच्यात डॉक्टर ओरामास नाहीत. काका, ओळखता का या योआंद्रीला?"

"नाही," एवेलियो म्हणाला.

तो खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. अमक्याला ओळखता का, असं कोणी टेबलापलीकडून विचारलं की त्याच्या तोंडून 'नाही' आपोआप बाहेर पडायचं. त्याच्या पिढीने हा शब्द कार्देनासहून येताना अंगावरच्या कपड्यांबरोबर आणला होता. शेजारी बसलेली नेरेइदाही, सवयीने, "आम्ही कोणालाच ओळखत नाही," म्हणाली.

युस्लेइदिसने जुना विमा परत लावून दिला. एवेलियो घाबरला होता, पण त्याहून जास्त खूश होता. इतकी वर्षं तो ज्याचा संशय घेत आला ते शेवटी झालं होतं.

"बघितलंस?" रस्त्यात त्याने बायकोला विचारलं. "मी म्हणत नव्हतो?"

"आता लागला ना परत? संपलं."

"लागला असं ती म्हणते."

"म्हणजे?"

"म्हणजे तिने खरंच लावला का, हे नको बघायला?"

बघायला तो बेकरीत गेला. तिथे एक बाई पेरूच्या पेस्ट्रीबरोबर विमाही द्यायची. तीही एक मिनिट त्याची एजंट झाली. मग हिरवं कार्ड आलं. युस्लेइदिसने ते परत फिरवलं. मग त्याने युस्लेइदिसचं काम टायरच्या दुकानातल्या एजंटाकडून तपासून घेतलं, टायरवाल्याचं न्हाव्याच्या पुतण्याकडून. पुतण्या फारच भला निघाला, त्याने स्वतःहून आणखी चांगला विमा शोधून लावला. कार्डं येतच राहिली. नेरेइदाने एक टेबलाच्या लंगड्या पायाखाली घातलं, एकाने ती पातेल्याच्या बुडाला लागलेला घेवडा खरवडू लागली. तो आता वरचेवर लागायचा.

एवेलियोने आधी पोस्टमनचा संशय घेतला. मग रिगोचा, कारण सगळं त्याच्यापासून सुरू झालं होतं. मग शेजारच्या कोंबड्याचा, कारण तो भलत्या वेळी, नेमका एवेलियो घराबाहेर पडला की आरवायचा.

"अरे म्हाताऱ्या," नेरेइदा शेवटी म्हणाली, "तू विचारायला जातोस आणि विमा बदलतो. तू घरी बसतोस आणि विमा बदलत नाही. यातून तुला काय दिसतं?"

एवेलियोने नीट विचार केला.

"की ते माझ्यावर पाळत ठेवून आहेत."

*

डिसेंबरात सान लासारोचा दिवस आला. कुबड्या घेतलेला, पायाशी कुत्री असलेला हा संत आजाऱ्यांचा. त्याच्या देवळाबाहेर जांभळे कपडे घातलेल्या लोकांची रांग लागली होती. नेरेइदाने एवेलियोला मूर्तीसमोर उभं केलं.

"बोल. नवस बोल."

"काय बोलू?"

"ऑपरेशन होईपर्यंत विम्याबद्दल कोणाला एक अक्षर विचारणार नाही. मोठ्याने बोल, त्याला ऐकू जाऊ दे."

एवेलियोने संताकडे पाहिलं. संताचे कपडे फाटके होते, पायाला फोड होते. त्याचा स्वतःचा काही फायदा झालेला दिसत नव्हता. असा माणूस विश्वासाचा वाटला. एवेलियो नवस बोलला.

दुसऱ्या दिवशी युस्लेइदिसने मूळचा विमा पुन्हा लावला आणि एवेलियोने खरोखर तोंड बंद ठेवलं. रिगोने दोनदा विषय काढला, त्याने दोन्ही वेळा कॉफी संपवली आणि उठून गेला. नाताळच्या आदल्या रात्री डुक्कर भाजलं. वर्ष संपताना रिवाजाप्रमाणे द्राक्षं खाल्ली. योआंद्री रस्त्यात दिसला तेव्हा एवेलियो औषधाच्या दुकानात शिरला आणि गरज नसताना कापूस घेऊन आला. कार्डं यायची थांबली. त्याला वाटायला लागलं की जगात थोडा चांगुलपणा असू शकतो. ही कल्पना त्याला अस्वस्थ करायची, म्हणून तो तिच्याकडे लक्ष देत नसे.

सोळा जानेवारीला युस्लेइदिसचा फोन आला.

"काका! कोणाकडे गेला होतात?"

"कुठेच नाही."

"काल परत बदललंय! आणि काल शेवटचा दिवस होता. खिडकी बंद झाली. आता मला काही करता येत नाही."

"मी कोणाला विचारलं नाही! सान लासारोची शपथ!"

"मग केलं कोणी?"

"मला माहीत नाही," एवेलियो म्हणाला. या वेळी ते खरं होतं, आणि म्हणूनच ते त्याला स्वतःलाच खोटं वाटलं.

"यादीत मला डॉक्टर ओरामास सापडत नाहीत, काका," युस्लेइदिस रडवेल्या आवाजात म्हणाली. "नवी यादी अजून लागायचीय."

एवेलियोने फोन ठेवला. स्वयंपाकघरात नवा कुकर फुसफुसत होता. तो कालच घरात आला होता.

"नेरेइदा! ऐकलंस का?"

"कुकर लागलाय, काही ऐकू येत नाहीये!"

"हा कुकर कुठून आला?"

"काय?"

"कुकर! कुठून आला?"

"हो, छान शिजतंय!"

एवेलियोने पुढे विचारलं नाही. पोस्टमन, बसचा ड्रायव्हर आणि कोंबडा यांचा संशय घेतलेल्या माणसालाही कुकरचा संशय येत नाही.

*

पुढचे काही दिवस तो गॅरेजात मशीनसमोर नुसता बसून राहिला. सुईचं नेढं त्याला दिसत नव्हतं. शेवटी नेरेइदाच दोरा ओवायला येऊ लागली. तिने ओवला की तो शिवायचा, दोरा तुटला की तिला हाक मारायचा. एक गादी संपायला पूर्वी सकाळ लागे, आता हाका मोजायचं त्याने सोडून दिलं.

"दुसऱ्या डॉक्टरला एकदा दाखवून तर बघ," ती हळूच म्हणाली.

"दुसरा डॉक्टर कोणी पाठवलाय, कोणाला माहीत."

"मग?"

"मग तू ओवत राहा."

नेरेइदाने दोरा ओवला, आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेली, कारण तिथे कुकर होता.

नवं कार्ड आलं त्याच दिवशी एवेलियो ऑपरेशन रद्द करायला निघाला. फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता, फोन कोण उचलतं याचा काय भरवसा. डॉक्टर ओरामास बाईंच्या काउंटरवर मारुखा बसायची. नवस मोडायचा नव्हता, म्हणून एवेलियोने विचारलं काहीच नाही. खिशातली सगळी कार्डं काढली आणि डॉमिनोचा डाव हरलेला माणूस सोंगट्या उताण्या टाकतो तशी काउंटरवर पसरली.

"माझं ऑपरेशन काढून टाका," तो म्हणाला.

मारुखाने कार्डांवरून बोट फिरवलं. घेवड्याचे डाग पडलेलं एक बाजूला सारलं. मग एक उचललं. "का काढायचं? हे चालतं की."

"कुठलं?"

"हे. शेवटचं."

एवेलियोने काउंटर धरला. मग मूळचं कार्ड, युस्लेइदिसचं, ज्याच्यासाठी तो हिवाळाभर लढला होता ते, बोटाने पुढे सरकवलं.

"हे? हे फेब्रुवारीपासून बाईंनी बंद केलंय. त्या कंपनीशी त्यांचं वाजलं. दारावर एवढी मोठी पाटी लावलीय नोव्हेंबरपासून. तुम्ही ती पाहिलीत, एवेलियो. माझ्यासमोर पाहिलीत. अक्षर सुरेख आहे म्हणालात."

आतून डॉक्टर ओरामास आल्या. सगळा प्रकार मारुखाने सांगितला, तसा बाईंचा आवाज चढला. "गावभर विचारत फिरलात! पेस्ट्रीवालीला विचारलंत! मला एकदा विचारायला काय झालं होतं?"

"तुमच्यावर माझा विश्वास आहे, बाई," एवेलियो म्हणाला. "विश्वासाच्या माणसाला काय विचारायचं?"

"ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी या," बाई ओरडल्या.

त्या संध्याकाळी सान लासारोच्या पायाशी एक उत्तम सिगार जळत होता. सकाळी कॉफीच्या खिडकीशी एवेलियोने रिगोकडून कप घेतला आणि आवाज खाली आणला. "मला त्या पहिल्या कंपनीचा सुरुवातीपासूनच संशय होता."

*

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी निघाली त्या दिवशी नेरेइदा त्याला एकोणपन्नासाव्या रस्त्याने घरी नेत होती. विम्याच्या ऑफिससमोर एवेलियो गच्चकन थांबला.

"बदलला!"

"काय बदललं?"

"माणूस! हिरवा होता. आता निळा आहे!"

युस्लेइदिस धावत बाहेर आली. "काका, तो पहिल्यापासून निळाच आहे."

"मला सांगतेस? तीन महिने बघतोय मी त्याला!" एवेलियोने रबरी माणसाभोवती फेरी मारली, खाली वाकून पंखा पाहिला. रबरी माणूस त्याच्या पाया पडला, तरी तो बधला नाही. "ज्याने माझा विमा बदलला ना, त्याचंच हे काम आहे."

"असेल," नेरेइदा म्हणाली. "चल घरी. घेवडा शिजलाय."

घरी तो टेबलाशी बसला. सगळंच लख्ख होतं. भिंतीवरचा डाग, मिठाच्या बरणीवरची धूळ, समोर उभी राहून वाढणारी नेरेइदा. तिच्याकडे तो फार वेळ बघत राहिला. डोळ्यांच्या कडांच्या बारीक सुरकुत्यांकडे, ज्या त्याने आधी कधी पाहिल्या नव्हत्या.

"काय बघतोस?"

"नेरेइदा, तू किती वर्षांची आहेस गं?"

"चमचा घे," नेरेइदा म्हणाली.

एवेलियोने चमचा घेतला. घेवडा लोण्यासारखा मऊ शिजला होता.

पंधरा जानेवारीला सुपरमार्केटच्या दारात एका विमा एजंटाने सोडतीचं टेबल मांडलं होतं, वर बक्षीस म्हणून नवे कुकर रचले होते, आणि नाव व जन्मतारीख सांगून 'फाइल उघडू का'ला हो म्हणणाऱ्याला तो चाक फिरवू देत होता. नेरेइदाच्या मागे रांगेत तिच्या ओळखीच्या चारपाच बायका उभ्या होत्या, म्हणून तिने स्वतःच्या ऐवजी एवेलियोचं नाव आणि जन्मतारीख सांगितली.